नॉर्मन बेट्सचे निदान

कल्पित पात्रांना कोणता मनोविकार झाला होता याची चिकित्सा करीत बसणे हा विद्वानांचा जुना छंद आहे. हॅम्लेट खरोखरच भ्रमिष्ट झाला होता की वेडाचे सोंग करीत होता, हा वाद तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चित्रपट आले आणि हा छंद विद्वानांपुरता राहिला नाही. चित्रगृहातून बाहेर पडणारा प्रत्येक प्रेक्षक आज अर्धा वैद्य झालेला असतो. वैद्यकीय महाविद्यालयांतही मनोविकार समजावून देण्यासाठी चित्रपटांतील पात्रांची उदाहरणे घेतली जातात, आणि त्यात गैर काही नाही. वर्गात खऱ्या रोग्याला उभे करण्यापेक्षा पडद्यावरच्या रोग्याला उभे करणे केव्हाही अधिक सभ्यपणाचे.

आज मी ज्या पात्राविषयी बोलणार आहे, त्याचे निदान प्रेक्षकांवर सोपविलेलेच नाही. ते चित्रपटातच एका डॉक्टरच्या तोंडून सांगून टाकलेले आहे. हे पात्र म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ या चित्रपटातील नॉर्मन बेट्स. मी मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, शाळेत भाषा शिकविणारी बाई आहे. परंतु कोण काय बोलले आणि ते कोणाच्या तोंडून आपल्यापर्यंत आले, हे तपासण्याची सवय भाषेच्या शिक्षकाला असते. तेवढ्याच अधिकाराने बोलते.

‘सायको’ १९६० साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. रॉबर्ट ब्लॉक यांच्या १९५९ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला असून पटकथा जोसेफ स्टेफानो यांची आहे. चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, अशी अट हिचकॉकने चित्रगृहांना घातली होती. रहस्याची त्याला एवढी काळजी होती. आता त्याला साठांहून अधिक वर्षे लोटली आहेत, तेव्हा ते रहस्य उघड केल्याबद्दल श्रोते मला क्षमा करतील.

फिनिक्स शहरातील एका कचेरीत काम करणारी मॅरियन क्रेन ही तरुणी चाळीस हजार डॉलर घेऊन पळते. पावसाच्या रात्री ती रस्त्यालगतच्या एका मोटेलात उतरते. नवा हमरस्ता दुसरीकडून गेल्यामुळे इकडे कोणी फिरकत नाही. बारा खोल्या आणि बाराही रिकाम्या. मालक नॉर्मन हा लाजरा, अडखळत बोलणारा, पाहताक्षणी कणव यावी असा तरुण. ॲन्थनी पर्किन्स या नटाने तो असा काही उभा केला आहे की प्रेक्षकाचे मन त्याच्याकडे ओढ घेते. मागे टेकडीवर जुने घर, त्यात त्याची आजारी आई. खिडकीतून तिचे ओरडणे मॅरियनला ऐकू येते. त्याच रात्री मॅरियनचा स्नानगृहात खून होतो. तिचा शोध घेत आलेला गुप्तहेरही मारला जातो. शेवटी मॅरियनची बहीण लायला त्या घराच्या तळघरात जाते, खुर्चीत पाठमोऱ्या बसलेल्या म्हातारीच्या खांद्याला हात लावते, आणि खुर्ची वळते तो तिच्यात बसलेला असतो वाळलेला सांगाडा. पाठोपाठ आईचा झगा आणि केसांचा टोप घातलेला नॉर्मन सुरा उगारून आत येतो.

यानंतर सरकारी कचेरीतील एका खोलीत डॉक्टर रिचमंड हे मानसोपचारतज्ज्ञ येतात आणि काही मिनिटे अखंड बोलतात. नॉर्मन लहान असतानाच वडील वारले. आई चिकटून राहणारी, हट्टी, सतत मागणी करणारी बाई. जगात तिसरे कोणी नाहीच अशा रीतीने दोघे वर्षानुवर्षे राहिले. मग तिला कोणी पुरुष भेटला. नॉर्मनने दोघांनाही विष घातले. मातृहत्येचे ओझे मनाला पेलवेना, म्हणून ती घडलीच नाही असे त्याने मानले. आईचे प्रेत पळवून आणले, ते टिकविले, आणि तेवढ्याने भागेना म्हणून तिच्या वतीने विचार करू लागला, बोलू लागला. आपले अर्धे आयुष्य त्याने तिला देऊन टाकले. आईविषयी त्याच्या मनात जी असूया होती तीच आईलाही आपल्याविषयी असणार असे त्याने धरले. म्हणून त्याचे मन एखाद्या स्त्रीकडे ओढले की आतली आई उसळून येई. आता दोघांच्या झगड्यात आई जिंकली आहे, नॉर्मन उरलेला नाही.

सगळे कसे नीट बसते! कडी अडकविल्यासारखे. अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्ट यांना हा प्रसंग एवढा खटकला की तो बहुतेक कापून टाकावा असे त्यांनी लिहिले. मला तसे वाटत नाही. पटकथाकार स्टेफानो त्या काळात स्वतः मनोविश्लेषणाचे उपचार घेत होते. त्यामुळे हे भाषण म्हणजे त्या काळच्या मनोवैद्यकाचा एक चांगला नमुना आहे. तो कापण्यापेक्षा वाचण्यासारखा आहे.

प्रथम रोगाचे नाव पाहू. एका देहात दोन व्यक्ती आळीपाळीने वावरतात, या अवस्थेला आपण ढोबळपणे ‘दुहेरी व्यक्तिमत्त्व’ म्हणतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ साली काढलेल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र जागा नव्हती. मन दुभंगण्याच्या एका व्यापक प्रकारात त्याचा समावेश होता. १९८० साली ‘बहुव्यक्तिमत्त्व विकृती’ हे स्वतंत्र नाव मिळाले आणि १९९४ साली ते बदलून आपण ‘ओळख-विच्छेद’ म्हणू असे नाव आले. नाव बदलण्यामागे विचार होता. आत खरोखर अनेक माणसे असतात असे नव्हे, तर एकाच माणसाला आपली एकसंध ओळख बांधता आलेली नसते, असा त्याचा आशय. अशा रोग्यांच्या पूर्वायुष्यात बहुधा लहानपणीचा घोर छळ आढळतो, आणि स्मृतीत मोठमोठी भगदाडे असतात.

नॉर्मनला हे लागू पडते काय? थोडे पडते. डॉक्टर म्हणतात, खुनानंतर तो गाढ झोपेतून जागा झाल्यासारखा भानावर येई. परंतु पडद्यावर आपण काय पाहतो? तो रक्त पाहून हादरतो हे खरे, पण क्षणात ताडतो की हे आईने केले. मग स्नानगृह धुतो, प्रेत गुंडाळतो आणि गाडीसकट दलदलीत बुडवितो. गाडी मध्येच अडते तेव्हा त्याचा जीव वरखाली होतो. हे सगळे शुद्धीवरच्या माणसाचे काम आहे. दुसरे असे की, दहा वर्षांपूर्वी मेलेली आई जिवंत आहे अशी त्याची ठाम समजूत आहे, तिच्याशी तो वाद घालतो, तिला उचलून तळघरात नेतो. याला वास्तवाशी संबंध सुटणे म्हणतात, आणि तो निराळ्या जातीचा विकार होय. म्हणजे एका नावात नॉर्मन मावत नाही. लेखकाने त्याला रोगाच्या पुस्तकातून काढलेला नाही, गोष्टीच्या गरजेतून काढला आहे.

चित्रपटाच्या नावाने तर आणखी गोंधळ केला. ‘सायको’ हा शब्द आता आमच्या शाळेच्या व्हरांड्यातही पोहोचला आहे. एकटा बसणारा, स्वतःशी पुटपुटणारा एखादा मुलगा असला की इतर मुले त्याला त्या नावाने हाक मारतात. ज्यांनी तो चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्या जन्माआधी कितीतरी वर्षे तो निघाला, त्यांच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा बसला आहे. या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते. एक, वास्तवाचे भान सुटलेला रोगी. दुसरा, दयामाया नसलेला, थंडपणे दुसऱ्याला दुखविणारा माणूस. तिसरा, दुहेरी व्यक्तिमत्त्वाचा. नॉर्मनला भीती वाटते, लाज वाटते, आईची चिंता वाटते. तेव्हा दुसऱ्या प्रकारात तर तो मुळीच बसत नाही.

आपल्या मराठीनेही या गोंधळाला हातभार लावला आहे. ‘स्किझोफ्रेनिया’ला आपण छिन्नमनस्कता म्हणतो, आणि बोलताना सर्रास ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ म्हणून मोकळे होतो. हा शब्द स्वित्झर्लंडचे डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली योजला. त्यांना अभिप्रेत होती विचार, भावना आणि वर्तन यांची एकमेकांपासून झालेली ताटातूट. एका देहातील दोन माणसे नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ३०० माणसांत एकाला हा विकार असतो. म्हणजे मोठ्या गावात, मोठ्या शाळेच्या पालकांत, तो कोठेतरी असणारच. यांतील बहुतेक रोगी कोणाच्या अंगावर सुरा घेऊन जात नाहीत. उलट मार, फसवणूक आणि हेटाळणी त्यांच्याच वाट्याला अधिक येते.

गंमत अशी की ज्या खऱ्या माणसाच्या बातम्यांनी ब्लॉक यांच्या कादंबरीला चालना मिळाली, त्याचे निदान खरोखर छिन्नमनस्कता असे झाले होते. विस्कॉन्सिन राज्यातील एड गीन हा शेतकरी १९५७ साली पकडला गेला. त्याला खटला चालविण्यास अपात्र ठरवून रुग्णालयात ठेवले गेले. पुढे १९६८ साली खटला चालला, आणि १९८४ साली तो रुग्णालयातच वारला. त्याच्यात दुसरी व्यक्ती वास करीत होती असे नव्हे. आणि त्याने आपल्या आईला मारले नव्हते. ती १९४५ साली आजारपणाने वारली होती. मातृहत्या ही लेखकाची भर.

येथे मी ज्या मुद्द्यासाठी हे भाषण करीत आहे तेथे येते. निदान चुकीचे असो वा बरोबर, ते कशावरून केले?

१९६४ साली अमेरिकेत एका मासिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मनःस्थितीविषयी देशभरच्या मानसोपचारतज्ज्ञांना प्रश्न पाठविला. हजाराहून अधिक तज्ज्ञांनी, ज्या गृहस्थाला त्यांनी कधी तपासले नव्हते, त्याला अपात्र ठरविले. गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण मासिकावरचा दावा जिंकले. त्यानंतर १९७३ साली तज्ज्ञांच्या संघटनेने नियम केला की स्वतः तपासल्यावाचून कोणा सार्वजनिक व्यक्तीविषयी मत जाहीर करू नये. आपल्याकडेही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराच्या किंवा कायद्यात सांगितलेल्या इतर कारणांखेरीज कोणालाही मनोरुग्ण ठरविण्यास मनाई केली आहे. डॉक्टर रिचमंड यांच्यावर हा आक्षेप घेता येणार नाही. त्यांनी रोग्याला तपासले आहे, त्याच्याशी बोलून ते त्या खोलीत आले आहेत.

परंतु ते कोणाशी बोलले? स्वतःच सांगतात: आपल्याला ही हकीकत नॉर्मनकडून मिळालेली नाही, त्याच्या आईकडून मिळाली.

आणि ही आई कोण? दहा वर्षांपूर्वी मेलेली बाई नव्हे. तिच्या मारेकऱ्याने आपल्या मनात उभी केलेली आई. खऱ्या श्रीमती बेट्स चित्रपटात एकदाही जिवंत दिसत नाहीत. आपण त्यांचा सांगाडा पाहतो, बिछान्यावर पडलेला खोलगा पाहतो, कपाटातले कपडे पाहतो. त्यांचा म्हणून जो आवाज ऐकतो तोसुद्धा तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या आवाजांतून जुळविलेला आहे. ही बाई हट्टी होती, मुलाला चिकटून राहत होती, त्याच्या मनावर घाव घालीत होती, याला पुरावा काय? ज्याने तिला विष घातले त्याचे तोंड. साऱ्या जगाने साठ वर्षे ते प्रमाण मानले.

त्यातही डॉक्टरांचा एक विसंवाद आहे. शेवटच्या दृश्यात कोठडीत कांबळे पांघरून बसलेला नॉर्मन आईच्या आवाजात मनाशी बोलतो, तेव्हा ती आई म्हणते की खून मुलाने केले, आपण नव्हे. आपण माशीलाही दुखविणार नाही. म्हणजे डॉक्टरांची साक्षीदार खुनाचा आरोप मुलावर ठेवते. डॉक्टर तिच्याकडून सारी हकीकत घेतात आणि हा आरोप मात्र उलटा फिरवून खून आईच्या माथी मारतात. साक्षीदाराचे एक वाक्य खरे आणि दुसरे खोटे मानायचे असेल, तर बाहेरचा काही आधार हवा. तो घेतल्याचे भाषणात एका शब्दानेही येत नाही.

बाहेरचा आधार नव्हता असे नाही. गावचा शेरीफ होता. दहा वर्षांपूर्वीचे मृत्यू त्याला ठाऊक होते. बाईने प्रियकराला विष देऊन स्वतःही घेतले, अशी त्याची समजूत होती. ती चुकीची ठरली तरी, ही बाई गावात कशी वागे, दुकानात कशी बोले, मुलाला कसे हाकारी, हे सांगणारी माणसे त्या लहानशा गावात होतीच. मानसोपचारात रोग्याइतकेच महत्त्व त्याच्या सोबत आलेल्यांच्या माहितीला असते. आपल्या देशात तर रोगी एकटा येतच नाही. आई, भाऊ, आत्या, शेजारी असे चौघेजण दवाखान्याच्या बाकावर बसलेले असतात. कधीकधी त्यांचा त्रासही होत असेल. परंतु एकाच्या हकीकतीवर दुसऱ्याची हकीकत घासून पाहता येते, हा त्यांचा उपयोग.

हे डॉक्टरांचे वैयक्तिक अज्ञान नव्हते. तो काळच तसा होता. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान या नामवंत मनोविश्लेषक बाईंनी छिन्नमनस्कता उत्पन्न करणारी आई अशा अर्थाची एक संज्ञा आपल्या लेखात वापरली. ती संज्ञा वणव्यासारखी पसरली. पुढची कितीतरी वर्षे मुलाचा हात धरून रुग्णालयात आलेल्या आईकडे रोगाचे कारण म्हणूनच पाहिले गेले. ती फार बोलली तर दडपणारी, कमी बोलली तर थंड. हळूहळू आनुवंशिकता, मेंदूची जडणघडण आणि जीवनातील ताण यांच्या अभ्यासाने ती कल्पना मागे पडली, आणि आज कोणी जाणता डॉक्टर ती उच्चारीत नाही. पण त्या आयांचे काय झाले, त्यांनी स्वतःला किती वर्षे दोष दिला, याची नोंद कोठे होत नसते.

वैद्यकातून गेलेली कल्पना लोकांच्या बोलण्यातून जात नाही. पंचवीसएक वर्षे मी वर्गात उभी आहे. मुलगा गप्प झाला, वह्या फाडू लागला, शाळेत येईनासा झाला, की शिक्षकांच्या खोलीत पहिला प्रश्न येतो, ‘आई काय करते हो याची?’ नोकरी करीत असेल तर तिचे लक्ष नाही. घरी असेल तर तिने लाडावून ठेवला आहे. वडिलांविषयी हा प्रश्न निघालेला मी फार क्वचित ऐकला. त्या आईला बोलावणे जाते, ती पदराचे टोक मुठीत धरून दारात उभी राहते, आणि आपण काय सांगणार हे तिला आधीच माहीत असते. डॉक्टरकडे जायला अशा घरांत जो उशीर होतो, त्याचे एक कारण हेच असावे असे मला वाटते. निदान म्हणजे आपल्यावरचा निकाल, अशी तिची समजूत झालेली असते.

याच्या उलट प्रकार पाहावयाचा असेल तर आपल्या मराठीत २००४ साली आलेला ‘देवराई’ पाहावा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट छिन्नमनस्कतेविषयी आहे, आणि अतुल कुलकर्णी यांनी केलेला शेष हा त्यातील रोगी. कोकणातल्या देवराईचा त्याला ध्यास. बहीण त्याला आपल्या घरी आणते, उपचार सुरू होतात, घरात ओढाताण होते. रोगाचे नाव सांगण्याने ही गोष्ट संपत नाही. नाव कळल्यावर घरच्यांच्या कामाला खरी सुरुवात होते. अर्थात ‘देवराई’ एका रोगाची माहिती देण्याच्या जाणिवेने केलेला आहे आणि ‘सायको’ भीती घालण्यासाठी. दोघांना एका तागडीत घालणे न्याय्य नाही. हिचकॉक प्रेक्षकाला फसविण्यात जेवढा निष्णात होता तेवढा दुसरा कोणी झाला नाही, हे मी आनंदाने मान्य करते.

नॉर्मनच्या आईला अखेर पडद्यावर जिवंत येता आले. १९९० साली ‘सायको’च्या चौथ्या भागात तिचा भूतकाळ दाखविला, पण तोही मुलाच्याच आठवणींतून. पुढे २०१३ ते २०१७ या काळात ‘बेट्स मोटेल’ ही दूरचित्रवाणी मालिका झाली. तीत व्हेरा फार्मिगा या अभिनेत्रीने तिला राग, विनोद, भूतकाळ असे सगळे दिले. ती स्वतः अन्याय सोसलेली स्त्री आहे आणि आजारी मुलाला सांभाळताना चुकतमाकत धडपडते आहे. कल्पित बाईला आपली बाजू मांडायला त्रेपन्न वर्षे लागली.

मूळ चित्रपटात मात्र तिच्या बाजूने बोलू शकेल असे एकच माणूस आहे. ते म्हणजे शेरीफची बायको. मध्यरात्री लायला आणि तिचा सोबती शेरीफच्या घरी येतात, तेव्हा बोलता बोलता ती सांगून जाते की श्रीमती बेट्स यांना पुरताना नेसवायचा पोशाख निवडायला तिने नॉर्मनला मदत केली होती. निळ्या रंगाचा होता, तिला छटासुद्धा आठवते. सारा चित्रपट कृष्णधवल आहे. तो निळा रंग आपल्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतो. डॉक्टर बोलत असतात तेव्हा शेरीफ त्या खोलीत उभा असतो, पण त्याची बायको तेथे नसते. तिला कोणी बोलावलेले नाही.